बाल संरक्षणाच्या कामात नवीन आहात? पहिल्या तीन महिन्यांत काय शिकायचं, कुठे शिकायचं

आपल्या क्षेत्रात नेहमी असं होतं की ऑर्डर आज हातात पडते आणि उद्या मूल समोर येऊन बसतं. ट्रेनिंगचं पत्र कधीतरी नंतर येतं, ते पण बॅच भरली तर. तोपर्यंत तुम्ही एकटे, टेबलावर जुन्या फायली, आणि सगळे म्हणतात करता करता शिकाल. पण करता करता शिकण्याची किंमत मूल मोजतं, म्हणून हे लिहितेय. मी गेली १३ वर्षं काउन्सेलर म्हणून बालगृहात आणि नंतर शाळांसोबत काम करतेय, आणि सुरुवातीला मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं असं खूप वाटतं.

हे नुसतं काउन्सेलरसाठी नाहीये बरं का. बालगृहातली काळजीवाहक ताई, आश्रमशाळेचे अधीक्षक, वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, खेळाचे कोच, व्हॅनवाले काका, पीएचसीतल्या सिस्टर, सीडब्ल्यूसीचे (बाल कल्याण समितीचे) नवीन सदस्य, सपोर्ट पर्सन (केसमध्ये मुलाला साथ देणारी व्यक्ती), सगळ्यांसाठी आहे. मूल कुणाला सांगेल ते मूल ठरवतं, आपण नाही. माझ्या अनुभवात बऱ्याचदा ते स्वयंपाकाच्या मावशींनाच सांगतं, कारण मावशी दिवसभर तिथेच असतात आणि प्रश्न विचारत नाहीत.

पहिला आठवडा: कायदा स्वतः वाचा

कुणाच्या तोंडून ऐकू नका, पीपीटीवर विसंबू नका. पॉक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण कायदा २०१२ आणि बाल न्याय कायदा २०१५, दोन्ही मराठीत मिळतात, प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. पहिल्याच दिवशी सगळं पाठ करायची गरज नाही. पॉक्सोचं कलम १९ ते २१ आधी वाचा, मग २४ ते २७, मग ३३ ते ३७. बाल न्याय कायद्यात कलम २ मधली 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ही व्याख्या, बाल कल्याण समितीची कलमं २७ ते ३१, आणि ७४, ७५. त्यानंतर २०२० चे पॉक्सो नियम, हे तर नक्कीच, कारण रोजचं काम तिथे लिहिलंय.

कलम १९ चा अर्थ साध्या भाषेत असा की १८ वर्षाखालच्या मुलासोबत लैंगिक अपराध झालाय हे कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, खात्री करून घेणं पण नाही. 'मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं' एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर १ वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायदा संरक्षण देतो, हे पण कलम १९ मध्येच आहे आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात एका डॉक्टरवर न कळवल्याबद्दलचा गुन्हा हायकोर्टाने रद्द केला होता, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि वेळेत कळवणं किती महत्त्वाचं आहे ते स्पष्ट सांगितलं. शाळेत किंवा दवाखान्यात कुणी म्हणालं ना की 'आपल्याला कशाला भानगड', तर हे प्रकरण सांगा.

दुसरा आठवडा: फोन नंबर नको, माणसं ओळखा

१०९८ पाठ असेलच. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) पुढाकाराने सुरू झाली, रस्त्यावरच्या मुलांसोबतच्या कामातून, आणि २०२३ पासून सरकार स्वतः चालवतं, ११२ शी जोडून. पण १०९८ ला फोन केला म्हणजे पोलिसांना कळवलं असं धरून चालू नका, पोलिसांपर्यंत रिपोर्ट गेला का ते स्वतः बघा.

आता खरं काम. एक दिवस सुट्टी टाका किंवा ऑफिसकडून परवानगी घ्या आणि प्रत्यक्ष फिरा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुठे आहे, तिथले अधिकारी कोण, बाल कल्याण समिती कुठे बसते आणि कोणत्या वारी (कायद्याने महिन्यात किमान २० दिवस बसायला हवं). तुमच्या पोलीस स्टेशनला बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारा, प्रत्येक स्टेशनला एक असलाच पाहिजे, ठाणे अंमलदाराला नाव माहीत नसेल तर पाटी लावायला विनंती करा. सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा भरोसा सेल, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये लहान मुलांची तपासणी कोण करतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. सगळीकडे चहा प्या, नाव सांगा, नंबर घ्या. रात्री साडेदहाला वसतिगृहातून फोन येतो तेव्हा 'मॅडम मी मागच्या महिन्यात भेटले होते' या वाक्याने अर्धं काम होतं, हे मी कितीदा बघितलंय.

गावात असाल तर ग्राम बाल संरक्षण समिती शोधा, सरपंच अध्यक्ष असतात. कागदावर सगळीकडे आहे, बैठक कधी झाली ते रजिस्टर बघा. आणि बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत हे लक्षात ठेवा, त्यांना लेखी द्या, हळद लागायच्या आधी.

तिसरा आणि चौथा आठवडा: ऐकायला शिका

यावर मी जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट आहे. एका वसतिगृहातली ९ वर्षाची मुलगी, तिने मावशींना काहीतरी सांगितलं होतं. मावशींनी मला सांगितलं, मी तिला घेऊन मोठ्या केबिनमध्ये गेले कारण मला वाटलं वरिष्ठांसमोर झालं म्हणजे नीट होईल. चार मोठी माणसं टेबलाच्या पलीकडे, ही खुर्चीच्या टोकावर, पाय जमिनीला टेकत नव्हते. एकाने विचारलं काय झालं, तिने सांगितलं. दुसरे उशिरा आले, त्यांनी परत विचारलं. ती युनिफॉर्मच्या फ्रॉकची शिवण उसवत होती, एक एक दोरा ओढत होती, मला तो दोरा अजून दिसतो. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, 'नीट आठवून सांग बाळा, नक्की असंच झालं ना?' आणि ती म्हणाली, 'काही नाही झालं.' त्यानंतर ती पुढचे कितीतरी महिने बोलली नाही. मोठ्या माणसाने परत परत विचारलं की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, शाळेत तसंच असतं ना, सरांनी परत विचारलं म्हणजे उत्तर चूक. ही गोष्ट मला नंतर ट्रेनिंगमध्ये कळली. तेव्हा कळली असती तर बरं झालं असतं.

तर एक माणूस, एक जागा, एकदा. मूल ज्याच्याशी बोललं त्यानेच ऐकायचं, मावशींना सांगितलं तर मावशींनीच, तुम्ही फार तर शेजारी बसा. जागा अशी की बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही. मुलाच्या उंचीला बसा, जमिनीवर बसलात तरी चालेल. मोबाईल सायलेंट, आणि कृपा करून मुलाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करू नका, ग्रुपवर पाठवणं तर अजिबातच नको.

प्रश्न कमीत कमी. 'मग काय झालं?', 'अजून काही सांगायचंय का?' एवढेच पुरतात. 'त्याने इथे हात लावला ना?' असं आपल्याकडून काहीही तोंडात घालायचं नाही, उद्या कोर्टात बचाव पक्षाचा वकील पहिलं तेच पकडतो. 'का' हा शब्द तर काही दिवस डोक्यातून काढूनच टाका. तू का गेलीस, का ओरडली नाहीस, आधी का नाही सांगितलंस, प्रत्येक 'का' मुलाला आरोपासारखा ऐकू येतो.

आणि बोलायचं काय? 'तू सांगितलंस ते खूप बरं केलंस.' 'यात तुझी चूक नाही.' आणि तिसरं वाक्य सगळ्यात अवघड आहे. मूल म्हणतं, 'ताई कुणाला सांगू नका हं.' आपल्या तोंडून पटकन निघतं, नाही सांगणार. नका म्हणू. खोटं वचन आहे ते, आणि दोन तासांनी पोलीस ताई आल्या की मुलाचा तुमच्यावरचा विश्वास पण जातो. असं म्हणा की 'तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि कुणाला सांगतेय ते तुला आधी सांगेन.' मग खरंच आधी सांगा.

झाल्यावर लगेच लिहा, मुलाच्या शब्दात. मूल 'शूची जागा' म्हणालं तर तेच लिहायचं, तिथे 'गुप्तांग' लिहिलं तर ते तुमचं स्टेटमेंट झालं, मुलाचं नाही. तारीख, वेळ, कोण हजर होतं, तुम्ही कोणता प्रश्न विचारला तो पण लिहा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, तांड्यावर गोरमाटी बोलणारं मूल असेल तर त्याचा मूळ शब्द जसाच्या तसा लिहून पुढे अर्थ लिहा. पोलिसांनी आणि कोर्टाने दुभाषी द्यायचा असतो, पॉक्सोमध्येच आहे, मागून घ्या. नात्यातला माणूस दुभाषी म्हणून बसवू नका.

हे सगळं वाचून येत नाही, तोंडाने प्रॅक्टिस करावी लागते. जोडीने बसा, एकजण मूल, एकजण मोठा, १० मिनिटं, नियम एकच की 'का' विचारायचं नाही. एका तालुक्याच्या ट्रेनिंगला २० वर्षं नोकरी झालेल्या अंगणवाडी सेविका होत्या, फार चांगल्या. चौथ्या मिनिटाला त्यांच्या तोंडून निघालं, 'मग तू आईला का नाही सांगितलंस गं?' आणि त्या स्वतःच थांबल्या, पदर तोंडाला लावला, हॉल शांत झाला. थोड्या वेळाने म्हणाल्या, परत घेऊया. दुसऱ्यांदा त्यांनी इतकं सुंदर ऐकलं की मुलाची भूमिका करणारी शिक्षिका खरंच रडली. असं ट्रेनिंग मिळालं तर सोडू नका, आणि नुसती भाषणं असलेलं मिळालं तर जेवणानंतरच्या सत्रात हा रोल प्ले घ्यायची मागणी करा.

पाचवा आठवडा: पहिल्या २४ तासांचा कागद भिंतीवर लावा

तुमच्या संस्थेसाठी एका पानाचा. आधी मूल सुरक्षित आहे का, ज्याच्यावर संशय आहे तो त्याच छताखाली आहे का. दुखापत असेल तर आधी दवाखाना, उपचारासाठी एफआयआरची किंवा पोलिसांच्या पत्राची अट डॉक्टरला घालता येत नाही, २०२० च्या नियमात स्पष्ट आहे. मग पोलिसांना कळवणं, हद्दीचा वाद घालू नका, झिरो एफआयआर होते, म्हणजे हद्द नसली तरी कुठल्याही स्टेशनला नोंदवता येते. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, पीएसआय किंवा वरच्या, साध्या कपड्यात, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा आहे. रात्री मुलाला पोलीस स्टेशनला ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करणार. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष कोर्टाला कळवायचं असतं, आणि समितीने सपोर्ट पर्सन नेमायचा असतो. हा सपोर्ट पर्सन फार महत्त्वाचा, तारखा सांगणं, कोर्ट आधी दाखवून आणणं, आईवडिलांना धीर देणं, पण मुलाला काय बोलायचं ते शिकवणं नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सपोर्ट पर्सनची नेमणूक, ट्रेनिंग, मानधन यावर राज्यांना निर्देश दिलेत, त्यामुळे 'आमच्याकडे कुणी नाही' हे उत्तर घेऊ नका, समितीला लेखी अर्ज द्या. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

मोबाईलवर मुलाचा व्हिडिओ किंवा फोटो फिरतोय असं कळलं तर तो मागवू नका, बघू नका, पुरावा म्हणून स्वतःकडे पण पाठवून घेऊ नका. असं मटेरियल बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो, सप्टेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात हे अगदी सविस्तर आहे, आणि त्यात कोर्टाने याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नका असं पण सांगितलंय, कारण तो शोषणाचा पुरावा आहे. फोन आहे तसा पोलिसांना द्या, सायबरच्या राष्ट्रीय पोर्टलवर नाव न देता पण तक्रार करता येते.

मुलाचं नाव, शाळा, गल्ली, फोटो, काहीही बाहेर जाता कामा नये. २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं ते आपण सगळ्यांनी बघितलं. संतापात लोक शेअर करतात, पण ते मूल उद्या त्याच गावात शाळेत जाणार असतं.

दुसरा महिना: कुठे शिकायचं

मला रोज कुणीतरी विचारतं कोणता कोर्स करू, म्हणून जे मला उपयोगी वाटलं तेच सांगते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम सगळ्यात आधी. केंद्राच्या महिला बाल विकास मंत्रालयासोबत चालतो, काउन्सेलर, बालगृहाचा स्टाफ, शिक्षक, पोलीस, न्यायव्यवस्था सगळ्यांसाठी वेगळं साहित्य आहे, फुकट. खेळ, गोष्टी, चित्रांमधून मुलाशी कसं बोलायचं हे तिथे खरंच शिकवतात. इंग्रजी जास्त आहे हे खरं, पण दोघी तिघींनी मिळून वाचलं तर जमतं, आम्ही तसंच केलं.

दिल्लीची निपसिड, १९६६ पासूनची जुनी संस्था, २०२५ मध्ये तिचं नाव सावित्रीबाई फुले राष्ट्रीय महिला व बाल विकास संस्था झालं. इंदूर आणि बंगळुरूला प्रादेशिक केंद्रं आहेत, सरकारी यंत्रणेतल्या लोकांचे कोर्स तिथून होतात, तुमच्या जिल्हा कक्षाकडून नाव पाठवावं लागतं. बाल कल्याण समितीचे सदस्य असाल तर नेमणुकीनंतर २ महिन्यांत प्राथमिक प्रशिक्षण देणं ही कायद्याने सरकारची जबाबदारी आहे, पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे लेखी मागा.

शाळेत काम असेल तर मुंबईची अर्पण ही संस्था. मुलांना वैयक्तिक सुरक्षितता कशी शिकवायची, लाज न वाटता शरीराच्या अवयवांची नावं कशी घ्यायची, यावर त्यांचं ऑनलाइन शिक्षण आणि साहित्य आहे. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी प्रेरणा आणि त्यांचं आरंभ इंडिया, ऑनलाइन शोषणाबद्दल शिकायचं तर इथे बघा. सपोर्ट पर्सन होणार असाल तर बंगळुरूच्या एनफोल्डचं साहित्य अगदी हाताशी ठेवण्यासारखं आहे, आणि कोर्टात बाईच्या किंवा मुलीच्या बाजूने उभं राहणं म्हणजे काय हे मुंबईच्या मजलिसच्या कामातून शिकायला मिळतं. पुढे जाऊन पदवी करायची असेल तर टिस, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था आहेच.

युनिसेफच्या अगोरा पोर्टलवर फुकट कोर्स आहेत, सर्टिफिकेट पण मिळतं. फक्त सर्टिफिकेट फाइलला लावून थांबू नका हो, प्रत्येक कोर्सनंतर संस्थेत एक गोष्ट बदला. आम्ही एका ट्रेनिंगनंतर एवढंच केलं की मुलांच्या भेटीची खोली बदलली आणि खुर्च्या काढून सतरंजी टाकली.

तिसरा महिना: आपलं घर आधी

२०२० च्या नियमांनुसार मुलांशी संपर्क असलेल्या प्रत्येक संस्थेने स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन करायचं असतं, शाळा असो, पाळणाघर असो, स्पोर्ट्स अकॅडमी असो, आणि ते अधूनमधून परत करायचं असतं. कंत्राटी माणसांचं पण. ट्रेनिंग पण सगळ्यांना, सफाईवाल्या दादांना, ड्रायव्हरला, वॉचमनला. शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) आहे का, तक्रार पेटी कुठे लावलीय (मुख्याध्यापकांच्या दारासमोर लावली तर कोण टाकणार?), ती उघडताना कोण कोण असतं, हे बघा. तुमच्याच सहकाऱ्याबद्दल तक्रार आली तर काय करायचं ते आधी लिहून ठेवा, कारण त्या दिवशी सगळ्यांचा आवाज बदलतो, 'तो तसा नाही हो, मी त्याला दहा वर्षं ओळखतो' सुरू होतं. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं होतं, आणि करणाऱ्यांत ओळखीची, विश्वासाची माणसं खूप होती.

ऊसतोडीचा पट्टा असेल तर एक गोष्ट जास्तीची. बीडचं मूल दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत कोल्हापूर सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातं आणि उन्हाळ्यात परत येतं, मधल्या काळात केसचा फॉलोअप तुटतो. गाडी निघायच्या आधी मुकादमाचं नाव, कारखाना, आणि तिकडच्या जिल्हा कक्षाचा नंबर फाइलला लिहून ठेवा, तिकडे एक पत्र पाठवा. दोन ओळींचं पत्र असतं पण त्याने मूल हरवत नाही.

आणि स्वतःकडे बघा. दुसऱ्या तिसऱ्या महिन्यात झोप जाते, घरी स्वतःच्या मुलाला कुणी कडेवर घेतलं तरी भीती वाटते, नवऱ्यावर, भावावर चिडचिड होते. तुम्ही कमजोर आहात असं नाही, हे या कामात होतंच, बोलावं लागतं. आम्ही पाचजणी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दोन तास बसतो, मुलाचं नाव न घेता एक केस मांडायची, सल्ला द्यायचा नाही, आधी फक्त ऐकायचं, शेवटची १५ मिनिटं पुढे काय करता येईल ते. एक निवृत्त प्राध्यापिका येतात, त्या आमच्या सुपरवायझर. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर शेजारच्या तालुक्यातल्या दोघांना या आठवड्यात फोन करा आणि पहिला शनिवार ठरवून टाका.